मेन पाडलास का?

४ फेब्रुवारी

पावशेर,

आशीर्वाद आहेतच, दरवेळी लिहून दाखवायला नको. तुझं पत्र मिळालं. दुकानातल्या फोनवर फोन करत जाऊ नकोस. मला घंटा ऐकू येत नाही. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर खाली येऊन मला ढोसतो, मग मी फोन कानाला लावून हां हां करतो. तुला वाटतं काकाने ऐकलं. काकाने काही ऐकलेलं नसतं. आधी तुझा बाप ऐकायचा आणि मला पाटीवर लिहून दाखवायचा. आता तू सरळ कागदावर लिही, मधला माणूस नको.

दुकान चालू आहे. तुझा बाप गेल्यावर चार दिवस लोकांनी लाजून वजनकाटे दुरुस्तीला आणले नाहीत, मग आणायला लागले. वजन करायचं कुणाचं थांबतंय? काल एका किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा उघडला तर आत झुरळांचं अख्खं खटलं नांदत होतं. झटकून काढलं, काटा चालू.

कसं झालं म्हणून विचारलंयस. झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तू बापाला दिलेलं ते हातातलं कॉम्प्युटर माझ्यापाशी आहे. गिऱ्हाइकाकडे काटा तपासायला गेला की काडीने टोचून टोचून त्यात लिहायचा. सोबत एक खोकं सापडलं, न फोडलेलं. डॉक्टरने वाचून सांगितलं, वायरलेसचं कार्ड आहे, ते यंत्रात घातलं की तारेशिवाय इंटरनेट चालतं. तुझ्या बापाने कधी आणलं, मला पत्ता नाही. तुला त्या यंत्रातलं त्याचं रेकॉर्डिंग पाहिजे ना? मग एवढं काय. यंत्र फडक्यात गुंडाळतो, डब्यात घालतो, पोस्टात टाकतो. हवेतून पाठवायचे चाळे कशाला?

काका


१३ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

पोस्टात टाकू नका. हे नीट वाचा. त्या यंत्राची आठवण बॅटरीवर जगते. बॅटरी पूर्ण संपली की आतलं सगळं पुसलं जातं आणि पुन्हा मिळत नाही. पोस्टात आठवडाभर पडून राहील तेवढ्यात संपेल. म्हणून ते कायम चार्जिंगला लावून ठेवा. कॉम्प्युटरला जोडायचा त्याचा स्टँड मोडलाय असं बाबा मागे म्हणाले होते, म्हणजे वायरलेसशिवाय दुसरा रस्ता नाही.

खोकं फोडा. यंत्राच्या डोक्यावर एक खाच आहे, कार्ड त्यात दाबून बसवा. कार्डावर हिरवा दिवा लुकलुकेल. पडद्यावर नेटवर्कची नावं येतील. डॉक्टरांच्या दवाखान्यात वायरलेस आहे, त्यांना विचारून त्यांच्या नावावर टोचा आणि ते देतील तो पासवर्ड घाला. दिवा लुकलुकायचा थांबून सलग लागला की जोडलं गेलं.

शेवटच्या फोनवर बाबा म्हणाले, "तुझ्यासाठी एक रेकॉर्ड करून ठेवलंय. कार्ड बसवलं की पाठवतो. हसशील." मी विचारलं काय आहे, तर म्हणाले, "आत्ता सांगितलं तर मजा जाईल." मी कामावर निघाले होते. ठेवला फोन.

रजा मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं, म्हणून आले नाही. इथे दिवसभर नळ्यांमधलं रक्त तपासते, घरी येते, भांडी घासते, झोपते. रडू येत नाही. बाबांचा आवाज आठवायला बसले तर खोकला तेवढा आठवतो. आवाज येतच नाही. म्हणून ते रेकॉर्डिंग हवंय.

कसं झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत.

पावशेर


२२ फेब्रुवारी

पावशेर,

रक्त तपासतेस म्हणजे शेवटी तूही मोजमापातच गेलीस. जन्मलीस तेव्हा एवढीशी होतीस की तुझ्या आईने तुला आपल्या दुकानातल्या पारड्यात घालून बघितलं होतं. नाव काय उगाच पडलं नाही.

कार्ड बसवलं. खाचेत आधीच एक काळी चपटी वडी बसवलेली होती, अर्ध्या बिस्किटाएवढी. ती उपसून काढली तेव्हा नवं कार्ड आत गेलं. वडी टाकली नाही. आपलं काटे तपासायचं टेबल तुला आठवत असेल, एका पायाने आखूड. टेबल सपाट नसलं तर वजन खोटं येतं. तुझा बाप त्या पायाखाली कागदाच्या घड्या घालायचा आणि महिन्याभरात त्या दबायच्या. ही वडी घातली आणि लेव्हल ठेवली, तर बुडबुडा बरोब्बर मधोमध. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुमच्या त्या यंत्राचा एवढा तरी उपयोग झाला.

डॉक्टर भला माणूस आहे. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. त्याचं अक्षर औषधवाल्यालाच लागतं, म्हणून परत वर जाऊन छापील काढायला लावलं. दात काढायला आलेला एक जण तोंड उघडं टाकून वाट बघत होता. पासवर्ड टोचला. दिवा लुकलुकतो, लुकलुकतो आणि विझतो. पाच-सहा वेळा केलं. मग मी यंत्राला चार शब्द सुनावले. तरी नाही.

चार्जिंगची काळजी करू नकोस. पिन लावून टेबलावरच ठेवतो. संध्याकाळी ते नीट लागलंय ना बघतो, मेन पाडतो, शटर ओढतो, कुलूप लावतो. सवयीने अजून दारातून ओरडतो, मेन पाडलास का म्हणून. मग आठवतं, परत आत जाऊन मीच पाडतो. परवा डॉक्टरकडे आलेली एक बाई जिन्यात दचकली.

दुसरं काही नाही.

काका


३ मार्च

काका, नमस्कार.

टेबलाच्या मागे वजनांची फळी आहे ना? ते सगळं लोखंड आहे. वायरलेसच्या लाटा लोखंडातून जात नाहीत. यंत्र तिथून उचला आणि जिन्याकडच्या खिडकीत ठेवा, वजनांपासून लांब. तिथे चार्जर पोचत नसेल तर जोडवायर लावा. मग पासवर्ड पुन्हा घाला.

एकदा जोडलं गेलं की कार्ड काढू नका. काढ-घाल करून आतल्या पिना वाकतात. तसंच राहू दे, यंत्रही बंद करू नका. दिवा सलग लागला की मला कळवा, रेकॉर्डिंग कसं पाठवायचं ते मी पायरी पायरीने लिहीन.

परवा घरमालकीण म्हणाली, "तुमचे वडील गेले म्हणे, तुमच्याकडे बघून वाटत नाही." मी म्हटलं, "हो ना." आणि भाडं देऊन वर आले.

पावशेर


१२ मार्च

पावशेर,

जमलं! पण सगळं ऐक, मधे बरंच झालं.

यंत्र खिडकीत नेलं, जोडवायर लावली, पासवर्ड टोचला. दिवा दोनदा लुकलुकला आणि लागला तो लागलाच. डॉक्टरला खालून हाक मारली. हातमोज्यांसकट खाली आला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. मला ऐकू आल्या नाहीत, पण वाजवल्या. मग संध्याकाळ झाली. तू म्हणालीस तसं कार्ड काढलं नाही, यंत्र बंद केलं नाही, पिन बघितली, मेन पाडला, कुलूप लावलं.

सकाळी आलो तर पडदा काळा. म्हटलं, झोपलंय. मेन चढवला, झाडून घेतलं, तोवर जागं झालं. आणि काय सांगू, एकदम नवंकोरं! पडद्यावर अधिकचं चिन्ह आलं. त्यावर काडीने टोचलं की ते दुसऱ्या कोपऱ्यात पळतं. तिथे टोचलं की तिसऱ्या. लहान पोराचा खेळ. सगळीकडे टोचून झालं तेव्हा पान उघडलं, स्वच्छ. आधी किती गचडी होती. आता सगळं झटपट चालतं. तारीख तेवढी कितीतरी वर्षं मागे गेली होती, ती मी डॉक्टरला विचारून लावली. पासवर्ड परत मागितला, परत घातला. दिवा सलग.

तेव्हा तुझं वायरलेस लागलं. वेळ लागला पण लागलं, आणि ते कॉम्प्युटरवाल्याला पैसे न देता काकाने लावलं, हे लक्षात ठेव.

आता एवढंच की तुझ्या बापाचं गिऱ्हाइकांचं लिखाण कुठे दिसत नाही. कुठल्या तरी कप्प्यात सरकलं असेल. रेकॉर्डिंगही दिसत नाही. कुठल्या चित्रावर टोचायचं ते लिही. टोचतो आणि पाठवतो.

काका


२० मार्च

काका, नमस्कार.

टोचायचं कशावरच नाही. ते गेलं.

पळणारं चिन्ह यंत्र नवीन असताना येतं, किंवा बॅटरी पूर्ण संपून आतलं सगळं पुसलं गेलं की येतं. वायरलेसचं कार्ड बॅटरी फार खातं. रात्रभर ते चालू होतं आणि चार्जरला वीज नव्हती, कारण तुम्ही मेन पाडला होता. आधीच्या रात्रीही पाडत होतात, पण तेव्हा यंत्र झोपलेलं असायचं, म्हणून तगलं.

तुम्हाला बोल लावत नाही. तुमच्या बावीस तारखेच्या पत्रात लिहिलं होतं, पिन लावतो, मेन पाडतो, कुलूप लावतो. मी ते वाचलं आणि पुढे गेले. आपल्या घरात कुणालाच ते खटकलं नसतं. तुम्ही आधी कामाला होतात त्या डब्यांच्या कारखान्यात कुणीतरी मेन चालू सोडला आणि तुमच्या सोबत्याचा हात प्रेसमध्ये गेला, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतेय. मी इथेसुद्धा घरातून निघताना सगळी बटणं बंद करते. आणि कार्ड काढू नका, यंत्र बंद करू नका हे मीच लिहिलं होतं.

कार्ड काढून ठेवलंत तरी चालेल आता. चार्जिंगही नको.

पावशेर


२८ मार्च

पावशेर,

वाचलं. दोनदा वाचलं. कळलं.

मागच्या खोलीत लावायला पाहिजे होतं. तिथली लाईन वेगळी आहे. मी तिथेच झोपतो. सुचलं नाही.

रेकॉर्डिंग मी घालवलं. बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. तू दोनदा विचारलंस ते सांगतो, तेवढंच आहे.

संध्याकाळी दुकान बंद करायचं आमचं ठरलेलं होतं. मी बाहेर उभा, अर्धं शटर ओढून, कुलूप हातात. तो आत, मागच्या भिंतीशी, मेनपाशी. खटक्याचा आवाज मला येत नाही. म्हणून मी ओरडायचो, मेन पाडलास का रे. मग तो वाकून शटरखालून बाहेर यायचा आणि माझ्या खांद्यावर एक थाप द्यायचा. थाप आली की पाडला. मग मी कुलूप लावायचो. बोलायचं काही नाही त्यात. वर्षानुवर्षं.

त्या दिवशी ओरडलो. थाप आली नाही. परत ओरडलो. मला वाटलं टोचत बसला असेल त्या यंत्रावर. शिवी दिली आणि आत गेलो. टेबलाशी खाली बसला होता, पाठ फळीला टेकून. मला वाटलं काही पडलंय ते शोधतोय. डॉक्टरला बोलावलं. तो दातांचा डॉक्टर, पण तेवढं त्यालाही कळतं.

मेन चालूच होता. माणसं जमली, त्याला नेलं, मग मी आत जाऊन पाडला.

झालं. हे असं झालं.

यंत्र पोस्टाने पाठवू का? आता त्यात जायचं काही राहिलं नाही.

काका


५ एप्रिल

काका, नमस्कार.

पत्र मिळालं. सांगितलंत ते बरं केलंत.

काल तुमची सगळी पत्रं पुन्हा वाचत होते. खाचेतून तुम्ही एक काळी वडी काढली होतीत. ती कुठे आहे? म्हणजे कुठे आहे ते तुम्ही लिहिलंय. अजून तिथेच आहे का? ती मेमरी कार्ड असणार. तिला बॅटरी लागत नाही, तिच्यातलं मेनने पुसलं जात नाही. बाबांनी रेकॉर्डिंग यंत्रात ठेवलं असेल तर गेलं. वडीवर ठेवलं असेल तर आहे. कुठे ठेवलं मला माहीत नाही.

यंत्र नको. वडी काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि पाठवा.

पावशेर


१२ एप्रिल

पावशेर,

सोबत वडी. सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळली आहे. कोपऱ्याला थोडी दबली आहे. टेबल काय हलकं नाही, वर काटाही असतो आणि काट्यावर वजनं.

काढायच्या आधी लेव्हल बघितली, बुडबुडा मधोमध होता. काढल्यावर सरकला.

म्हणजे हे सगळं, कार्ड, दिवा, पासवर्ड, डॉक्टरच्या टाळ्या, काहीच लागत नव्हतं? पाकिटात घालून पाठवायची वस्तू होती आणि मी तिच्यावर किराणावाल्यांचे काटे तपासत बसलो. पहिल्या पत्रातच म्हणालो होतो, पोस्टात टाकतो. चूक एवढीच की टाकायचं काय ते ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं.

त्यात काही नसलं तरी कळव. असलं तरी कळव. मधलं काही लिहू नकोस.

काका


२२ एप्रिल

काका, नमस्कार.

आहे.

काट्यांचे फोटो आहेत, गिऱ्हाइकांची नावं आहेत आणि एक रेकॉर्डिंग. एकच. अर्ध्या मिनिटाचंही नाही. तुम्हाला ऐकवता येणार नाही, म्हणून जसं आहे तसं लिहिते.

आधी खरखर. यंत्र बहुतेक त्यांच्या खिशात आहे. मग बाबा अगदी हळू म्हणतात, "पावशेर, ऐक हं." मग शटरचा आवाज, लांबून. मग तुम्ही. "मेन पाडलास का रे!" काका, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही किती मोठ्याने ओरडता. माझ्या खोलीतल्या खिडकीची काच थरथरली. घरमालकीण वर येऊन विचारून गेली, कोण आलंय.

मग खटका पडतो. आणि बाबा, साध्या बोलायच्या आवाजात, "पाडला रे दादा, पाडला. चल, भूक लागलीय." मग चपला. मग शटरखालून वाकताना त्यांचं ते "हं". मग थाप, ती पण ऐकू येते. मग तुम्ही "हां" म्हणता. संपलं.

मला वाटलं होतं बाबा माझ्याशी काहीतरी बोलले असतील. माझ्याशी तीनच शब्द आहेत. बाकी तुम्ही दोघं. म्हणाले होते हसशील. हसले नाही. पण आवाज आठवला. आता लावलं नाही तरी येतो.

एक विचारायचं होतं. ते रोज असं उत्तर द्यायचे का? तुम्हाला ऐकू येत नाही हे माहीत असून?

पावशेर


२ मे

पावशेर,

मला कसं कळणार? मला वाटायचं नुसती थाप. बहिऱ्या माणसाला अंधारातून रोज उत्तर देत बसायचं, ते पण भूक लागलीय वगैरे. असला खुळा होता. मला सांगितलं असतं तर म्हटलं असतं, कशाला तोंड शिणवतोस.

आणि मी एवढा ओरडतो हे इतक्या वर्षांत कुणी मला का सांगितलं नाही? काल डॉक्टरला पाटीवर लिहून विचारलं. तो नुसता हसला.

वडी परत पाठवू नकोस. टेबलाखाली पुठ्ठा घातलाय. बुडबुडा जरासा डावीकडे राहतो. ते मी वजनात धरून घेतो. वायरलेसचं कार्ड डॉक्टरला दिलं. त्याच्या कशात बसत नाही, पण घेतलं त्याने. यंत्र मागच्या खोलीत आहे. चार्जिंगला नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी आधी आत जाऊन मेन पाडला. मग बाहेर आलो, शटर अर्धं ओढलं आणि ओरडलो. पाडलाय हे माहीत असून. तू लिहिलंयस ते वाक्य बोलायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबलो. बाहेर वाकून यायला लागेल तेवढाही धरला.

मग कुलूप लावलं.

काका